मोटारीचा अंगरखा

द्वितीय वर्ष, कला शाखा

'वार्षिकासाठी काहीतरी लिही' असे आमच्या मराठीच्या सरांनी सांगितले तेव्हा मी चांगलाच गोंधळलो. कथा-कविता लिहिणारे मित्रमैत्रिणी वर्गात पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही. सर म्हणाले, "तुझ्या हाताला जे येते ते लिही." माझ्या हाताला येते ते एवढेच, मोटारीच्या अंगावर फिल्म चढवणे. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एका दुकानात हे काम, असा माझा दोन वर्षांचा दिनक्रम आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी आणि वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर गॅरेजात यावे.

'रेडियम' नावाचा गैरसमज

माझे वडील पेंटर आहेत. भिंती रंगवणारे नव्हेत, अक्षरे रंगवणारे. खडकी बाजारातल्या दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यावरचे 'हॉर्न ओके प्लीज', रिक्षाच्या पाठीवरचा 'आईचा आशीर्वाद' आणि सर्वांत जास्त म्हणजे नंबरप्लेटा. खडूच्या दोरीने रेघ मारायची, श्वास रोखून मऊ केसांचा ब्रश फिरवायचा आणि इनॅमल वाळेपर्यंत गिऱ्हाइकाला चहा प्यायला पाठवायचे, असा त्यांचा धंदा. मग चौकात 'रेडियम'ची दुकाने आली. संगणकाला जोडलेले कटर मशीन, रंगीत चिकट कागदाची भेंडोळी आणि पाच मिनिटांत नंबर तयार. पुढे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आणि आप्पांच्या डब्यातले पांढरे आणि काळे रंग वाळून गेले. ज्या वस्तूने आप्पांचा धंदा नेला, तीच वस्तू आज माझी फी भरते. हा योगायोग मला अधूनमधून टोचतो.

या दुकानांना 'रेडियम' का म्हणतात, याचे मला लहानपणापासून कुतूहल होते. खरे रेडियम म्हणजे मेरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली शोधलेले किरणोत्सर्गी मूलद्रव्य. एके काळी घड्याळांच्या काट्यांना रेडियम मिसळलेला रंग लावीत आणि ते काटे अंधारात चमकत. त्यावरून जे चमकते ते रेडियम, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला असावा. चौकातल्या रेडियममध्ये रेडियम औषधालासुद्धा नसते. असते ते विनाइल, म्हणजे पाण्याच्या नळांना वापरतात त्या पीव्हीसीचाच पातळ पडदा.

लाटलेले आणि ओतलेले

पीव्हीसी प्रथम पाहिले ते ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८७२ साली. पण ते होते कडक आणि ठिसूळ, त्यामुळे बरीच वर्षे कुणाच्या कामास आले नाही. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन या संशोधकाने त्यात मृदुकारक द्रव्य मिसळून त्याला रबरासारखे लवचीक केले आणि मग रेनकोटापासून विजेच्या तारांच्या वेष्टनापर्यंत त्याचा संचार सुरू झाला. आमच्या दुकानातली फिल्म याच कुळातली.

फिल्म दोन रीतींनी तयार होते. हा फरक समजला की या धंद्यातले निम्मे ज्ञान आले, असे आमचे उस्ताद म्हणतात. पहिली रीत लाटण्याची. पीव्हीसीचा गरम गोळा मोठमोठ्या रुळांमधून दाबून पातळ करतात. मैद्याची पोळी लाटली की ती हळूच मागे सरकते, हे घरोघरी ठाऊक आहे. लाटलेल्या फिल्मचेही तसेच. तिच्यात ताण शिल्लक राहतो आणि उन्हात काही महिने गेले की ती आक्रसते, कडा सोडते. दुसरी रीत ओतण्याची. पातळ केलेले द्रावण गुळगुळीत पृष्ठभागावर पसरून भट्टीत वाळवतात आणि मग पडदा सोलून घेतात. आपल्या आया उन्हाळ्यात सालपापड्या करतात तसेच हे झाले. ओढाताण न करता तयार झाल्यामुळे या फिल्मच्या अंगात ताण नसतो. ती गाडीच्या वळणांवर निमूट बसते आणि बसल्या जागी राहते.

ओतलेली फिल्म सुमारे ५० मायक्रॉन जाडीची असते; गोंद धरून ८० ते १०० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे सारा अंगरखा एखाद्या केसापेक्षा फारसा जाड नसतो. खालचा गोंद दाबाने धरणारा असतो. फिल्म नुसती टेकवली तर पुन्हा उचलता येते, दाबली की धरते. त्या गोंदाच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नाल्या कोरलेल्या असतात, त्यांतून अडकलेली हवा कडेने निघून जाते. या नाल्या नव्हत्या तेव्हा फुगा न राहू देता मोठे बोनेट झाकणे हे अतिशय जिकिरीचे काम होते.

झाकायचे कशासाठी?

चांगल्या रंगावर फिल्म चढवायची कशाला, असा प्रश्न मला आईने विचारला होता. त्याचे एक उत्तर जर्मनीत सापडते. तेथे टॅक्सी फिकट हस्तिदंती रंगाची असावी असा नियम १९७१ साली झाला. पण हस्तिदंती गाडी पुढे विकताना भाव येईना. म्हणून १९९० नंतरच्या दशकात तेथील टॅक्सीवाले साधी काळी किंवा रुपेरी गाडी घेऊन तिला हस्तिदंती फिल्म चढवू लागले. टॅक्सीचे दिवस संपले की फिल्म सोलायची. खाली कारखान्याचा रंग नव्यासारखा. फिल्मचा खरा गुण हाच, ती परत काढता येते. रंग बदलण्याची हौस भागते आणि मूळ रंग ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि किरकोळ ओरखडे यांपासून जपलाही जातो.

मात्र तिच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. रस्त्यावरचा उडालेला खडा लागला तर एवढ्या पातळ विनाइलने फारसे भागत नाही. त्यासाठी पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म वेगळी मिळते. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, चिवट असते आणि चांगल्या प्रतीची असेल तर बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. तिचा जन्म युद्धातला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून असा चिवट पट्टा वापरला गेला आणि तेथून तो मोटारींकडे आला. खर्चाचे म्हणाल तर साध्या विनाइलनेही पूर्ण गाडी झाकायची म्हणजे चाळीस-पन्नास हजारांपासून लाखापर्यंत रक्कम जाते. आमच्या वाड्यातल्या लोकांना हे सांगितले की ते हसतात. मीही पूर्वी हसत असे.

काम कसे चालते

फिल्मचे भेंडोळे साधारण दीड मीटर रुंदीचे असते. लहान गाडीला पंधरा मीटर लांबी पुरते, मोठीला वीस-बावीस लागते. पण भेंडोळे उघडण्याआधीच निम्मा दिवस गेलेला असतो. तो दिवस धुण्याचा. आधी साबणपाणी, मग रंगात रुतलेले लोखंडाचे कण आणि डांबराचे ठिपके काढण्यासाठी खास चिकणमातीची वडी फिरवणे, शेवटी पाणी मिसळलेल्या स्पिरिटने पुसणे. दारांच्या फटी, मडगार्डच्या आतल्या कडा, दिव्यांमागच्या खाचा यांत बोट घालून पाहावे लागते. मेणाचा किंवा पॉलिशचा अंश राहिला तर गोंद धरत नाही. धुळीचा एक कण राहिला तर चकचकीत फिल्मवर पुटकुळी उठते आणि ती पहिल्या उन्हात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरते. पत्र्याला गंज असेल, पुट्टी भरलेली जागा उंचसखल असेल, जुना रंग पोपडे धरत असेल, तर ते सारे फिल्मच्या वरून दिसते. नवखे गिऱ्हाईक म्हणते, "रंग खराब झालाय, तेवढा झाकून टाका." त्याला सांगावे लागते की आधी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा. कच्च्या रंगावर चढवलेली फिल्म काढताना रंगही सोबत घेऊन येते.

यानंतर दोघे मिळून फिल्म बोनेटवर धरतात, चादर अंथरावी तशी. मध्यापासून कडेकडे, मऊ कापड लावलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने ती दाबत जायचे. या पट्टीला स्क्वीजी म्हणतात. एक हात दुसऱ्या हाताच्या मागोमाग, निम्म्या पट्टीवर पट्टी येईल असा फिरवायचा. सुरकुती पडली तर जोर लावायचा नाही. फिल्म उचलायची, हीट गनने किंचित ऊब द्यायची, सुरकुती आपोआप विरते. उस्तादांचे एक वाक्य मी कायमचे लक्षात ठेवले आहे, "फिल्मला आठवण असते." बंपरच्या खोलगट भागात ताणून बसवलेली फिल्म मूळ आकारात परतू पाहते. म्हणून शेवटी अशा जागा पुन्हा ९० अंशांच्या वर तापवाव्या लागतात. तेवढी उष्णता मिळाली की तिला नवा आकारच आपला वाटू लागतो. हे तापमान हाताने अजमावायचे नसते. त्यासाठी बंदुकीसारखा तापमापक असतो.

हवामानाचाही हिशेब आहे. साधारण १६ ते ३२ अंश तापमान कामास बरे. पुण्यात मे महिन्यात बाहेर उभी असलेली गाडी आत घेतली तर तास-दोन तास नुसती निवू द्यावी लागते. तापल्या पत्र्यावर गोंद टेकताक्षणी धरतो, उचलायची सवड देत नाही. पावसाळ्यात फटींमधले पाणी ही डोकेदुखी. म्हणून आम्ही शटर अर्धे ओढून, जमीन ओली करून, पंखा बंद ठेवून काम करतो. घाम फिल्मवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधतो.

एक चरा

सर्वांत अवघड काम शेवटी येते, ते म्हणजे जादा फिल्म कापणे. दाराची कड, हँडलची खोबण, दिव्याभोवतीची वळणे येथे ब्लेड चालवावे लागते. कारखान्याचा सारा रंग, म्हणजे प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून, जेमतेम १०० ते १२० मायक्रॉन असतो. म्हणजे वर जेवढी फिल्म, खाली जवळपास तेवढाच रंग. हाताचा दाब किंचित वाढला की ब्लेड एकातून दुसऱ्यात जाते. यावर उपाय म्हणून आत दोरा असलेली टेप निघाली आहे. ती आधी चिकटवायची, वर फिल्म बसवायची आणि दोरा ओढला की फिल्म आपोआप कापली जाते. पण प्रत्येक ठिकाणी ती लावायला वेळ लागतो, आणि वेळ वाचवण्याचा मोह नवशिक्याला होतोच.

मला तो गेल्या वर्षी झाला. एका काळ्या गाडीच्या मागच्या दाराची कड मी टेपशिवाय कापली. हाताला जाणवले. कड उचलून पाहिले तर बोटभर लांबीचा चरा. नखाला लागत होता. मी फिल्म परत खाली घेतली, वळवून दाबली, ऊब दिली. काही दिसेना. कोणालाच दिसले नसते. गिऱ्हाईक पाच वर्षांनी फिल्म काढील तेव्हा मी कुठे असेन, कोण जाणे.

त्या रात्री जेवण जाईना. आप्पांनी विचारले, तेव्हा सांगून टाकले. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या धंद्यात अक्षर चुकलं की रॉकेलनं पुसायचं, पुन्हा काढायचं. सगळ्या रस्त्याला दिसायचं ते, म्हणून चुकायची भीती वाटायची. तुझं काम झाकलेलं असतं. मग तुला भीती कुणाची?" एवढे बोलून ते झोपायला गेले. उपदेश असा त्यांनी केलाच नाही.

सकाळी कॉलेजला येण्याआधी मी दुकानात जाऊन उस्तादांना सांगितले. त्यांनी मला दोन शब्द सुनावले, दाराची फिल्म काढली, चऱ्यात रंग भरून तो बुजवला आणि नवी फिल्म चढवली. पत्रा उघडा राहिला असता तर कडेने पाणी शिरून आतल्या आत गंज धरला असता. गाडीच्या मालकालाही त्यांनी सगळे सांगितले. मालक चिडले, ते साहजिकच होते. फिल्मचे आणि रंगाचे पैसे माझ्या पगारातून गेले; त्याच महिन्यात परीक्षेची फी भरायची होती, ती आईने उसने आणून भरली. ते गिऱ्हाईक पुन्हा आमच्याकडे आले नाही. खरे बोलल्याचे बक्षीस मिळाले असे सांगता आले असते तर लेख अधिक गोड झाला असता; पण तसे घडले नाही. घडले ते एवढेच की तेव्हापासून मी टेप लावल्याशिवाय दाराची कड कापत नाही.

या प्रसंगानंतर मला फिल्मचा एक चमत्कारिक स्वभाव कळला. दुसऱ्याने मागे ठेवलेले दोष, म्हणजे धूळ, गंज, पुट्टी, ती झाकत नाही. उलट वर आणून दाखवते. कामगाराने स्वतः केलेला दोष मात्र ती पोटात घालते. म्हणून या धंद्यात चांगला कारागीर कोण, हे गाडी दुकानातून बाहेर पडताना कळत नाही. ते फिल्म निघते त्या दिवशी कळते.

ऑलिव्ह रंगाची गोष्ट

आता कायद्याविषयी दोन शब्द, कारण हौसेच्या भरात तो विसरला जातो. गाडीचा रंग तिच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदलेल्या तपशिलात परस्पर बदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एका निकालात या कलमावर कडक भूमिका घेतली. तेव्हा पूर्ण रंग बदलणार असाल तर संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन तशी नोंद करून घ्यावी. काचांवर फिल्म लावण्याचा विषय निराळा. काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ सालचा निकाल सर्वांना ठाऊक आहे.

खडकीकराला आणखी एक नियम माहीत हवा. मध्यंतरी एक तरुण आपली जीप घेऊन आला. त्याला ती मॅट ऑलिव्ह हिरव्या रंगात हवी होती. उस्तादांनी हात जोडले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणतेही वाहन ऑलिव्ह हिरव्या रंगाचे असता कामा नये. फिल्म म्हणजे काही रंग नव्हे, असा वाद तो तरुण घालू लागला. उस्ताद म्हणाले, "दुसऱ्या गावात जाऊन हा वाद घाल. इथे शेजारी कोण राहतं ते बघ." येथे १८६९ सालापासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे, लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणारे ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे. आमच्या रस्त्यांवरून तो रंग रोज जातो. तो अंगावर चढवायचा तर भरती व्हावे लागते. भेंडोळ्यातून तो विकत घेऊ नये, हे मला पटले. तरुणाने अखेर राखाडी रंग घेतला.

अंगरखा उतरताना

चांगली फिल्म दारांसारख्या उभ्या भागांवर पाचेक वर्षे टिकते. टप आणि बोनेट यांवर ऊन थेट पडते, तेथे त्याहून कमी. फार वर्षे ठेवली तर ती तडकते आणि काढताना तुकडे-तुकडे होतात, म्हणून मुदतीत काढलेली बरी. पहिले काही दिवस गाडी धुऊ नये. पुढेही जोराच्या पाण्याचा फवारा कडांवर मारू नये. पेट्रोल सांडले तर लगेच पुसावे. काढताना ऊब देऊन, कमी कोनात, सावकाश ओढावी.

उरलेल्या तुकड्यांविषयी मात्र एक विनंती. थंडीत आमच्या गल्लीत शेकोट्या पेटतात आणि एकदा त्यात फिल्मचे तुकडे टाकलेले मी पाहिले. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे घातक वायू सुटतात. ते श्वासात जाऊ देण्यासारखे नाहीत. हा कचरा जाळू नये. दुकानातून आम्ही तो वेगळा बांधून देतो.

शेवटी एक घरची गोष्ट. दिवाळीत एका रिक्षावाल्या काकांना पाठीवर जुन्या वळणाची अक्षरे हवी होती. संगणकातले वळण त्यांना पसंत पडेना. मी आप्पांना दुकानात नेले. त्यांनी कागदावर ब्रशने 'आईचा आशीर्वाद' काढून दिले, आम्ही त्याचे छायाचित्र संगणकात घेतले आणि मशीनने तसेच्या तसे विनाइल कापले. आप्पा ते बराच वेळ पाहत उभे होते. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि अक्षरे लावायची ती जागा स्वतः पुसून घेतली. म्हणाले, "आधी पत्रा नीट पूस. मग लाव."